जिथे बाजूने काही येत नाही

बाबांनी गाडी चालवणं सोडलं, त्यानंतर आलेल्या पहिल्याच मे महिन्यात आम्ही तिघं खाडीकाठी तंबूत राहायला गेलो. तिघं म्हणजे मी, माझी तेरा वर्षांची मुलगी आणि बाबा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, आणि आई जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली.

बाबांचं सगळं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं. साताऱ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणी मोहन्याला आले आणि तिथल्या कारखान्याच्या कामगारांची बस चालवायला लागले. मी लहान असताना उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी कामगारांची कुटुंबं त्याच बसमधून खडवलीला नदीवर जायची. बाकीचे पाण्यात उतरले की बाबा बसच्या सावलीत बसून राहायचे, पाठ टायरला टेकून. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी डोंबिवलीत शाळेची बस चालवली. तेही थांबलं तेव्हा घरची छोटी गाडी होतीच. मी चाळिशीत गाडी शिकले ती त्यांच्याच शेजारी बसून, घरामागच्या मैदानात, शिव्या सोडून बाकी सगळं ऐकत.

मग काचबिंदू निघाला. समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं, वर्तमानपत्रातलं बारीक अक्षरसुद्धा. पण नजरेच्या कडा गेल्या होत्या. डॉक्टरांनी मला समजावताना टेबलावरचा एक कागद गुंडाळून त्याची नळी केली आणि डोळ्याला लावून बघायला सांगितलं. मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं, बाकी काही नाही. उपचाराने आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. बाबांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी लायसन्स देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिलं आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही.

एवढंच असतं तर मी काळजी केली नसती. पण त्यानंतर त्यांनी घराबाहेर जाणंच सोडलं. भाजी आणायला नाही, कट्ट्यावर नाही, समोरच्या देवळातही नाही. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मला वाटलं रुसलेत. ज्याने पन्नास वर्षं लोकांना इकडून तिकडे नेलं त्याला आता पायी भाजी आणायला कमीपणा वाटतोय, असा मी अर्थ लावला. दोन-तीनदा बोललेसुद्धा, जरा जास्तच कडक. नुसतं बसून बसून माणूस गंजतो, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं.

तंबूत राहायची कल्पना मुलीची. तिच्या मैत्रिणी कुणी मनालीला, कुणी कोकणात गेलेल्या, आणि ती घरी पंख्याखाली पडून फोनवर जागा शोधत बसायची. तिला एक जागा सापडली, ठाण्याच्या पुढे घोडबंदरच्या बाजूला, अगदी खाडीला लागून. एका आगरी कुटुंबाची जमीन, पूर्वीचं मिठागर. आजोबांना पण घेऊन जाऊ, ती म्हणाली. मी विचारलं तेव्हा बाबा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. नातीने त्यांची पिशवी भरली आणि ते गाडीत येऊन बसले.

शीळफाट्याला तासभर अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, उन्हाने पत्रा तापलेला. गाडी मी चालवत होते आणि बाबा शेजारी. पूर्वी असे बसले की त्यांचा उपदेश चालू असायचा, क्लचवरचा पाय काढ, आरशात बघ, घाई कसली आहे. त्या दिवशी गाडीत ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त डावीकडून एखादी बाइक घासून गेली की त्यांचा हात झटकन दाराच्या हँडलवर जायचा आणि पाय समोरच्या मॅटवर दाबला जायचा. सवय आहे, मला वाटलं. ड्रायव्हरची सवय.

जागेवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. चिंचेच्या दोन मोठ्या झाडांखाली चार तंबू, पलीकडे बांध, बांधापलीकडे खाडी. भरती येत होती. ते पाणी येताना दिसत नाही. आपण दुसरीकडे बघतो, मग परत बघतो, तर मघाचा चिखल गेलेला असतो आणि तिथे आकाश पसरलेलं असतं. मुलगी चप्पल काढून बांधावर जाऊन बसली आणि खूप वेळ तशीच बसली. घरी तिला हातात फोन नसताना एका जागी दहा मिनिटं बसलेली मी वर्षभरात बघितली नव्हती.

तंबूत झोपायला बाबा तयार होईनात. या वयात कापडात शिरून झोपू का, म्हणाले. जागेच्या मालकांनी त्यांच्यासाठी घरातली बाज काढून चिंचेखाली टाकली, वर मच्छरदाणी बांधली. त्या बाजेवर पाय लांब करून ते खाडीकडे तोंड करून बसले. समोर, पाण्याच्या पलीकडे, हिरवी पट्टी दिसत होती. माडांचे शेंडे, एका देवळाचा पांढरा ठिपका, आणि धुराची एक रेघ सरळ वर जाणारी.

मालक म्हणाले, ते बेट. कोळी आणि आगरी लोकांची वस्ती आहे, काहीशे माणसं. पूल नाही, होडीने जायचं. त्यामुळे गाडी म्हणून एक नाही तिथे. रिक्षा नाही, मोटरसायकल नाही. दोन-चार सायकली असतील पोरांच्या.

बाबांनी मान वर केली. त्या दिवसात त्यांनी स्वतःहून काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. "मग जड सामान कसं नेतात?"

"होडीपर्यंत डोक्यावर, होडीतून उतरलं की परत डोक्यावर," मालक म्हणाले.

बाबा त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. अंधार पडला आणि ती पट्टी दिसेनाशी झाली, तरी बघत होते.

सकाळी भरतीच्या पाण्यावर होडी निघाली. बेटावरचीच होडी, भाजी आणि दुधाच्या कॅनबरोबर आम्ही तिघं. चढताना बाबांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. फळीची कड त्यांना दिसत नव्हती, पाय हवेत चाचपडत होता. ती वाकली आणि तिने त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून फळीवर ठेवला, जसा बाहुलीचा ठेवावा. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पाणी इतकं संथ होतं की होडी पुढे जातेय की बेट जवळ येतंय हे कळत नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, पण तो धक्क्याजवळ बंद केला आणि मग जी शांतता आली तिने कानाला दडे बसल्यासारखं झालं. मी डोंबिवलीत राहणारी बाई. माझ्या कानात सतत काहीतरी वाजत असतं आणि ते वाजतंय हे मला त्या दिवशी, ते थांबल्यावर कळलं. कोंबडी बोलली. लांब कुणीतरी भांडं ठेवलं, त्याचा आवाज आला. कुणाच्या तरी चपला वाळूवरून गेल्या.

होडीवाल्याने सांगितलं, पाणी आहे तोवर दोन तासांत परत या, नाहीतर ओहोटीत धक्क्याला नुसता चिखल राहतो.

गल्ल्या अगदी अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. काही ठिकाणी फरशी, काही ठिकाणी नुसती दाबून बसलेली माती. दोन्ही बाजूंना ओटे, ओट्यांवर सुकत घातलेली जाळी, मिरच्या, मध्येच झोपलेलं मांजर. भिंती निळ्या आणि पोपटी. बाबांचा हात नातीच्या खांद्यावर होता. थोडं चालल्यावर मी मागे वळून बघितलं तर तो नव्हता. मुलगी एका कोंबडीच्या पिल्लांपाशी थांबली होती आणि बाबा एकटेच पुढे चालत होते. हात मागे बांधलेले, मान सरळ, पावलं मोठी. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना असं चालताना बघितलं नव्हतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

देवळापाशी पिंपळाचा पार होता. आम्ही तिघं बसलो. वारा खाडीवरून यायचा, पानं वाजायची, थांबायची. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मी पिंपळाच्या खोडाला पाठ टेकली, जरा डोळे मिटू म्हणून. मला वाटतं मी पंधरा-वीस मिनिटं झोपले असेन. झोपेत मी खडवलीला होते, पाण्यात, आणि काठावर बस उभी होती, पण तिला चाकं नव्हती आणि ती हळूहळू पाण्यावरून तरंगत चालली होती. आत कुणी नव्हतं. मला मुळीच भीती वाटली नाही, नुसतं बघत राहिले.

जागी झाले तर बाबा पारावर नव्हते.

आधी मी शांतपणे इकडे-तिकडे बघितलं. मग उठले. मग मुलीला हलवलं. बेटाला चहूकडून पाणी, आणि बाबांना कड दिसत नाही, एवढंच डोक्यात यायला लागलं. आम्ही आधी पाण्याकडे धावलो. तिथे दोन बायका मासळी निवडत बसल्या होत्या, त्यांनी कुणाला बघितलं नव्हतं. परत गल्लीत शिरलो. एका वळणावर, दुसऱ्या वळणावर, सगळी घरं सारखी दिसायला लागली. मुलगी रडवेली झाली होती. मी तिला म्हटलं, आजोबा कुठे जातील, इथेच असतील, आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तेवढ्यात बाबांचा आवाज ऐकू आला. मोठा, भरदार, मोकळा आवाज. "येऊ दे. येऊ दे. डावीकडे जरा. येऊ दे. थांब."

गल्लीच्या त्या टोकाला एक लोखंडी कपाट होतं. नवंकोरं, चॉकलेटी रंगाचं, दारावर उभा मोठा आरसा. चार माणसांनी ते दोर आणि बांबूने तोललं होतं. बाबा त्यांच्या पुढे, उलट्या पावलांनी चालत, एक हात वर धरून त्यांना बोलवत होते. कारखान्याच्या फाटकात बस मागे घेताना क्लीनर जसा उभा राहायचा, तसे.

झालेलं असं होतं. त्या घरातल्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. तिच्या संसाराचं सामान त्या दिवशीच्या भरतीला पलीकडे पोचवायचं होतं, तिथे टेम्पो येऊन थांबला होता. गाद्या गेल्या, भांडी गेली, कपाट मात्र घरासमोरच्या वळणावर अडकलं. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांचा ओटा. अर्धा तास चौघं ते आडवं धरून घुसवायचा प्रयत्न करत होते. भिंतीचा रंग निघाला, एकाचं बोट चेपलं, पण कपाट वळेना. पाणी तर उतरायला लागलेलं. बाबा फिरत फिरत तिथे पोचले, थोडा वेळ उभे राहून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, पुढे ढकलू नका, मागे घ्या. विहिरीच्या पलीकडे मोकळी जागा आहे तिथवर पूर्ण मागे घ्या, फिरवा, आणि खालची बाजू आधी काढा. वळणावर आलं की उभं करायचं, तिथल्या तिथे फिरवायचं, परत आडवं करायचं.

कुणीतरी म्हणालं असेल की हे कोण, कुठले. पण वयाकडे बघून असेल किंवा कंटाळून असेल, त्यांनी ऐकलं.

मी पोचले तेव्हा कपाट नुकतंच वळणावर आलं होतं. बाबांनी ते उभं करायला लावलं. ते समोर सरळ उभे, डोळे बारीक केलेले. मला त्या क्षणी डॉक्टरांची कागदाची नळी आठवली. कपाट, वळण आणि त्यांची नजर एका रेषेत होती, आणि त्या रेषेत त्यांना जे दिसायचं ते आम्हा बाकीच्यांपेक्षा जास्तच दिसत असणार. "अजून एक वीत. माझ्याकडे. बस. आता खालची बाजू उचला." कपाट फिरलं. कुठेही घासलं नाही. बाबांनी त्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, बस निघायला सांगताना मारतात तशा, आणि ती वरात धक्क्याकडे निघाली.

आरसा वर करून ते कपाट आमच्या पुढून चाललं होतं आणि त्यात सगळं बेट वाहत होतं. माडाची झावळी, कौलांची कड, कुणाच्या तरी माळ्यावरून डोकावणारी म्हातारी, आणि मध्ये मोठाच्या मोठा आकाशाचा तुकडा. माझी मुलगी त्याच्या शेजारून चालत होती, आरशात बघत, तोंड उघडं ठेवून. मी तिच्या मागून. एवढी मोठी जड वस्तू आणि तिच्यात नुसते ढग भरलेले.

होडीत कपाट आडवं ठेवलं तेव्हा धक्क्याखाली गुडघाभरच पाणी उरलं होतं. कपाटाबरोबर फक्त ते उचलणारी चार माणसंच मावणार होती. होडीवाला आमच्याकडे बघून घुटमळला. बाबांनी त्याला हाताने जा म्हणून सांगितलं. मला विचारलंही नाही. होडी निघाली, आरसा आभाळाकडे तोंड करून चमकत लांब गेला आणि एकदा उन्हात इतका पेटला की आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

आमच्या शेजारी नवऱ्या मुलीची आई उभी होती. सकाळपासून तिने धावपळ केली होती, पोरांना ओरडली होती, भिंतीचा रंग निघाला म्हणून कपाळावर हात मारला होता. आता होडी दिसेनाशी झाल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

"कपाट निंगालं म्हंजे पोर निंगालीच," ती म्हणाली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "तुमाला आता कुठं जावाचा हाय. पानी नाय. चला, जेवाला चला."

आम्ही तिच्या मागे गेलो. लग्नघर, त्यामुळे बायका भरपूर, चुली दोन-दोन. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, वर ताक. बाबांना त्या बाईने आग्रह करकरून वाढलं. ते घरी एक पोळी खाऊन उठायचे, इथे तीन भाकऱ्या खाल्ल्या. नवरी मुलगी आतून येऊन त्यांच्या पाया पडली. तिने त्यांना विचारलं की तुम्ही सामान हलवायचं काम करायचात का. ते हसले आणि म्हणाले, हो, माणसांचं.

मग ती लांबलचक दुपार. संध्याकाळची भरती येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं आणि करायला हवं असंही काही नव्हतं. माझ्या मुलीला नवरीच्या मैत्रिणींनी आत ओढून नेलं, तिच्या हातावर मेंदीचा सराव चालला होता. मी ओट्यावर चटईवर आडवी झाले. गल्लीत ऊन होतं आणि ओट्यावर सावली, आणि दोन्हींच्या मधली रेघ हळूहळू सरकत होती. शेजारच्या घरात कुणीतरी लसूण सोलत असावं, वास येत होता. ओहोटीचा वास पण येत होता, चिखलाचा, शेवाळाचा. मी झोपेत होते की जागी, मला आज सांगता येणार नाही. बाबा आणि ती बाई ओट्याच्या पायरीवर बसून बोलत होते, आणि त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत पाण्याखालून आल्यासारखं येत होतं.

तिने आधी गाव विचारलं, मग मुलंबाळं, मग आई केव्हा गेली ते. बाबा सगळं सांगत होते. नंतर तिने डोळ्यांचं विचारलं. तुमी ताटातली चटणी चाचपत होतात ते मी बघितलं, असं ती म्हणाली. आमच्यापैकी कुणी असं सरळ विचारलं नसतं.

मग बाबा म्हणाले, "तिकडे गाड्या बाजूने येतात. मला त्या येताना दिसत नाहीत, एकदम अंगावर आल्या की दिसतात. सोसायटीच्या दारातसुद्धा. पन्नास वर्षं गाडी चालवली आणि आता मला गाड्यांची भीती वाटते. हे घरी कसं सांगू?"

बाईने तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला.

"इथे सकाळपासून चालतोय," ते म्हणाले. "बाजूने काही येत नाही."

मी डोळे मिटून पडून राहिले. उठून बसले असते तर त्यांना लाज वाटली असती, आणि मला त्याहून जास्त. महिनोन्‌महिने ते गॅलरीत बसून खाली बघत होते आणि मी त्याला रुसवा म्हणत होते. शीळफाट्याला दाराच्या हँडलवर गेलेला तो हात सवयीचा नव्हता. ज्याने मला आरशात बघायला शिकवलं त्याच्याकडे मी इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. वारा सुटला, जाळ्याचे मणी एकमेकांवर वाजले, आणि मी खरोखरच झोपले. अपराधी माणसाला इतकी गाढ झोप कशी लागते, मला माहीत नाही.

उठले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बाबा पायरीवर नव्हते, पण या वेळी मी धावले नाही. ते गल्लीतून येताना दिसले, एकटेच, हात मागे बांधून. बेटाला दोन फेऱ्या मारून आलो, म्हणाले. देवळाच्या मागे एक गोड्या पाण्याची विहीर आहे, तुम्ही बघितली नाहीत. मग त्यांनी आम्हाला ती विहीर दाखवायला नेलं. मुलगी मेंदीचे दोन्ही हात हवेत धरून चालत होती. विहिरीत वाकून बघितलं तर खोल तळाशी आमची तीन डोकी, एकमेकांना चिकटलेली.

दिवेलागणीला होडी आली. धक्क्यावर नवरीच्या आईने हळदीला थांबा म्हणून खूप आग्रह केला. थांबता येणार नव्हतं. होडीत मी बाबांच्या डावीकडे बसले. पाण्यात अजून थोडा उजेड होता, आकाशात नव्हता. मी हळूच म्हटलं, दुपारी मी ऐकलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "तू घोरत नव्हतीस."

पुढे काय झालं, तर फार काही झालं नाही. डोळे तसेच राहिले. पण घरी आल्यावर आम्ही रोज सकाळी सहाला निघायला लागलो, रस्ते मोकळे असताना. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालते, नात उजवीकडून, तिची परीक्षा नसली तर. रिक्षा येतेय, दूधवाला आहे, कुत्रा आहे, असं सांगत जायचं. सुरुवातीला त्यांना ते आवडायचं नाही, मग तेच विचारायला लागले. पांढरी काठी घ्यायला एक वर्ष लागलं. काठी हातात आल्यावर लोक आपोआप बाजूला होतात हे कळल्यावर ते मला म्हणाले, ही आधीच घ्यायला हवी होती, हॉर्नपेक्षा बरी आहे.

बेटावरच्या त्या बाईचे फोन येत राहिले. बोलायची ती बाबांशीच. लेकीला दिवस गेले, लेक बाळंतपणाला आली, जावई बरा आहे पण उशिरा उठतो, असं सगळं आमच्या घरात त्यांच्यामार्फत कळायचं. यंदाच्या उन्हाळ्यात तिने बाबांना चार दिवस राहायला बोलावलं. मी नको म्हणत होते. औषधाचे थेंब कोण घालणार, रात्री बाथरूमला कुठे जाणार. बाबांनी पिशवी स्वतः भरली. थेंबांची बाटली त्यांनी त्या बाईच्या हवाली केली आणि तिने रोज सकाळ-संध्याकाळ मला फोन करून सांगितलं की घातले.

पाचव्या दिवशी मी त्यांना आणायला गेले. सकाळचं भरतं पाणी, तीच होडी. गल्लीतून चालत ओट्यापाशी पोचले तर बाबा पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली, बनियनवर, मांडीवर निळ्या नायलॉनचं जाळं. शेजारी त्या बाईच्या लेकीचं बाळ चटईवर पालथं पडून त्या जाळ्याचं एक टोक तोंडात घालत होतं. बाबा डोळे मिटून, बोटांनी भोकं शोधून, गाठी मारत होते. आतून ती बाई मला खुणेने सांगत होती की गाठी काही धड नाहीत, मागाहून सोडवून परत माराव्या लागतात, पण बोलू नका.

मी समोर जाऊन उभी राहिले. सावली पडली तसे त्यांनी डोळे उघडले.

"आलीस?" ते म्हणाले. "बस जरा. एवढी ओळ करतो, मग निघू."

मी चप्पल काढून ओट्यावर बसले. बाळाने माझ्याकडे बघितलं आणि परत जाळं चघळायला लागलं. पाणी उतरायला अजून बराच वेळ होता.